उकिरडा, वाकळ आणि गलाई

केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिले आले. २०२१ साली तो मान विट्याने मिळवला आणि २०२२ साली पाचगणीने; त्या वर्षीही कराड तिसऱ्या क्रमांकावर होतेच. कराड आणि पाचगणी सातारा जिल्ह्यातली, विटे सांगली जिल्ह्यातले. लागोपाठ तीन वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ छोटे शहर या एकाच पट्ट्यात निघावे, याचे वर्तमानपत्रांनी कौतुक केले ते योग्यच होते. मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, आरोग्य विभाग यांना श्रेय मिळाले, तेही रास्त. परंतु घरातला केर घराबाहेर पडल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न या प्रदेशाला २०२० साली पहिल्यांदा पडला असे समजण्याचे कारण नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

प्रारंभ उकिरड्यापासून केला पाहिजे. आजच्या बोलण्यात हा शब्द निव्वळ घाणीचा वाचक झाला आहे, बी. ए.च्या वर्गात तो उच्चारला तरी मुले नाक मुरडतात. जुन्या कुणबी घरात मात्र उकिरडा ही मालमत्ता होती. गोठ्यातले शेण, जनावरांनी टाकलेला कडब्याचा चगळ, चुलीतली राख, अंगणातला पाचोळा, भाजीची देठे हे सारे परसातल्या खड्ड्यात पडे आणि उन्हाळ्यात गाड्या भरून रानात जाई. वाटण्या होताना भावाभावांत उकिरड्याच्या जागेवरून तंटे होत. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, ही म्हण आपण माणसाच्या नशिबाविषयी वापरतो. पण ती ज्याने रचली त्याच्या डोळ्यांसमोर खताची गाडी असणार, यात आम्हांला शंका वाटत नाही.

या व्यवस्थेतही एक गळती होती. शेणाचा मोठा वाटा खतात न जाता गोवऱ्या होऊन चुलीत जाई. ब्रिटिश सरकारने पाठवलेले रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन व्होल्कर यांनी हिंदुस्थानातील शेतीवरील आपला अहवाल १८९३ साली प्रसिद्ध केला. शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, सरपण नाही म्हणून जाळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणदेशाच्या उघड्याबोडक्या माळावर राहणाऱ्या माणसाला हे सांगायला विलायतेहून कोणी येण्याची गरज नव्हती, पण साहेबाच्या अहवालात ते आले हे महत्त्वाचे. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. १९३१ साली त्यावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या चळवळी हॉवर्ड यांना आद्य आचार्य मानतात. वाडांचे नाव मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते. असो.

उकिरडा पुरुषांच्या व्यवहारातला, तर वाकळ बायकांच्या. पुण्यामुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तिला सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात. नऊवारी लुगडे ही कापसाच्या कापडाची मोठी ठेव असे. ते अंगावर विरले की त्याचे दांड काढून पुन्हा नेसत. तेही संपले की मधला बरा भाग परकराला, झबल्याला, बाळाच्या दुपट्याला जाई. राहिलेले पदर आणि धोतराचे धडपे एकावर एक पसरून वाकळ शिवली जाई, तिच्या अस्तराला म्हातारीचे लुगडे आणि वरच्या अंगाला लेकीसुनांची रंगीत ठिगळे. वाकळेला बसेनात एवढ्या लहान चिंध्या उरल्या तर त्यांची हंड्याखाली घ्यायची चुंबळ होई. चुंबळही पिंजली की पोतेरे, आणि पोतेऱ्याने चूल सारवून सारवून त्याचा लगदा झाला की ते उकिरड्यावर पडे. एक लुगडे असे पाच-सहा जन्म घेई, आणि अखेरीस रानात जाऊन मातीला मिळे.

हे वर्णन वाचताना आजच्या वाचकाचे मन भरून येते. आमचेही येते. पण जुन्या बायका काही वाया घालवत नसत हे वाक्य आपण ज्या सुरात म्हणतो तो सूर तपासला पाहिजे. वर्षाला दोन लुगडी मिळणाऱ्या बाईपुढे दुसरा पर्यायच नव्हता. दुपारची जेवणे आटोपल्यावर, रानातली बोलावणी नसतील तेव्हा, पाठ मोडेपर्यंत ती टाके घाली. या कामाचा मोबदला तिला कोणी दिला नाही आणि त्याला कला म्हणून दाद मिळाली तीही बहुधा वाकळ शहरातल्या प्रदर्शनात टांगली गेल्यानंतर. काटकसर हा गुण खरा. पण दारिद्र्याने शिकवलेली काटकसर आणि विचाराने स्वीकारलेली काटकसर यांत फरक आहे. पहिली, पैसा हाती आल्याबरोबर टाकून द्यावीशी वाटते. पुढच्या पन्नास वर्षांत तसेच घडले.

तत्पूर्वी आणखी एका गोष्टीकडे वळणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय हा इतिहास खोटा ठरेल. घरातला जो भाग उकिरड्यात किंवा वाकळेत जिरत नसे तो कोण उचलत होते? केरसुणी शिंदीच्या पानांची, ती बांधणार मातंग. दिवाळीत लक्ष्मी म्हणून तिची पूजा होई. ती बांधणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेरूनच बलुते मिळे. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांच्या वतनात बसवलेले. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मचरित्रात आटपाडीच्या तराळाचे, म्हणजे त्यांच्या वडिलांचे, जिणे आले आहे. ज्यांना जुन्या गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेविषयी लिहायचे असेल त्यांनी ते आधी वाचावे. गावात काही वाया जात नव्हते हे खरे, कारण जे वाया जाई ते उचलणारी माणसे गावाने जन्मानेच नेमून ठेवली होती.

शहरातही फार निराळे चित्र नव्हते. मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ असा सुंदर शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या नगरपालिकेने मैला आणि राख मिसळून केलेले खत विकायला काढले, आणि आरंभीचा विटाळ विसरून उसाचे बागाईतदार ते विकत घेऊ लागले. ऊस गोड झाला. पण ते सोने डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाचा विटाळ काही गेला नाही. ही प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि तो पुरेसा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला.

१९२७ साली महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे आवाहन केले तेव्हा त्यांनी या सबंध व्यवस्थेच्या मुळावरच बोट ठेवले होते. गावोगावच्या महारांनी हे काम टाकले. गावे चिडली, बहिष्कार पडले. आपली घाण आपण काढावी हे उत्तर गावाला सुचले नाही. अपवाद थोडे. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट ही दोन्ही कामे स्वतःच्या हातांनी केली. महार वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ साली.

आता विट्याकडे येऊ. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे सातारा जिल्ह्यातले माण-खटाव हा सगळा अवर्षणाचा टापू. पाऊस हुलकावणी देणारा, जमीन हलकी. येथल्या तरुणांनी पोटासाठी जे धंदे धरले त्यांत गलाई हा सर्वांत विलक्षण. जुने, मोडके, भेसळीचे दागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, आम्लाने त्यातले तांबे-जस्त काढून टाकायचे आणि शुद्ध सोने वा चांदी वेगळी करायची. केरळपासून बंगालपर्यंत सराफ पेठेच्या मागच्या बोळात डोकावले तर भट्टीपाशी माणदेशी मराठी कानी पडते. घरी पत्र्याच्या छपराची दोन खणांची खोली होती तेथे पुढे माडी उठली, ती परमुलखातल्या भट्टीच्या धुरावर. नायट्रिक आम्लाचा तो धूर छातीत किती साठला याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला दिसत नाही. पुनर्वापर हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी हे लोक देशभर तोच व्यवसाय करीत होते, आणि त्याला त्यांचे नाव होते गलाई.

याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. खाणीचे काम सुटलेला भीमा मुंबईच्या उपनगरातल्या स्मशानात रात्री प्रेतांच्या राखेत सोन्याचे कण शोधतो. गलाई करणारा आणि भीमा यांचे काम एका अर्थाने एकच: जगाने संपले म्हणून सोडून दिले त्यातून किमतीचे ते वेचून काढणे. फरक एवढाच की एकाला सराफाच्या दारी उभे राहण्याची मुभा होती, दुसऱ्याला रात्रीच्या अंधाराचा आणि कोल्ह्यांच्या सोबतीचा आधार घ्यावा लागला. भंगार, कागद, काच, प्लास्टिक वेचणाऱ्या बायका आज ज्या कष्टावर जगतात तो भीमाच्या जातीचा कष्ट आहे. पुण्यात १९९३ साली त्यांची संघटना उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे घेतले. जे वेचतो तेच नाव, त्यात लाज कसली! आमच्या दोन जिल्ह्यांतल्या छोट्या शहरांतून असे नाव लावणारी इतकी मोठी संघटना उभी राहिली नाही, हे स्वच्छतेच्या क्रमवारीत मोजले जात नाही.

कारखानदारीनेही या प्रदेशात जुन्याचे नवे करूनच पाय रोवले. किर्लोस्करवाडी औंध संस्थानच्या माळावर १९१० साली वसली. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून तेथे नांगराचे फाळ ओतले, ही हकीकत या भागात अजून सांगितली जाते. तोफेचा नांगर होणे ही कल्पना कोणाही कवीला मोहात पाडील. लक्ष्मणरावांना ती बिडाच्या भावाने सुचली असणार. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघरी होते. काचेच्या भट्टीत फुटकी काच मिसळली की ती लवकर वितळते आणि जळण वाचते, हे काचेच्या धंद्यातले जुने ज्ञान आहे. गुऱ्हाळाचे तर काय सांगावे? उसाचा रस ज्या चुलाणावर उकळायचा त्याचे जळण त्याच उसाची चिपाडे, आणि चुलाणाची राख पुन्हा उसाला.

ही साखळी केव्हा तुटली? याचे उत्तर साधारणतः ‘प्लास्टिक आल्यावर’ असे दिले जाते. आमच्या मते ती त्याआधी, कापडापाशी तुटली. टेरिलीन, नायलॉन, टेरिकॉट आले आणि बायकांना धुण्याच्या कष्टातून केवढी सुटका मिळाली हे विसरून चालणार नाही. नायलॉनची साडी विरत नाही, पाणी शोषत नाही, चुलीजवळ नेली तर वितळते. तिचे दुपटे होत नाही, पोतेरे होत नाही आणि वाकळ केली तर ती घामाने अंगाला चिकटते. एका लुगड्याचे पाच-सहा जन्म होते, त्याऐवजी साडीला एकच जन्म उरला आणि तो संपल्यावर ती बोहारणीच्या पाटीत गेली. बोहारणीने तिच्यावर स्टीलचे भांडे दिले. स्टीलला कल्हई लागत नाही. गल्लीतून नवसागराचा वास आणि कल्हईवाल्याचा भाता गेला. गॅस आला तशी राख गेली, राख गेली तशी भांडी घासायची पूड विकत आली, आणि ती पूड प्लास्टिकच्या पुडीत आली. रतिबाचे दूध पिशवीतून येऊ लागले. एकेक बदल बाईच्या पाठीवरचे ओझे उतरवणारा होता. त्यामुळे ‘जुन्याकडे परत चला’ असे म्हणणाऱ्याने चूल कोण फुंकणार, हेही त्याच दमात सांगावे.

या बदलाच्या मध्यावर एक माणूस उभा आहे, ज्याने डोक्यावर फुटके गाडगे घातले आणि अंगावर चिंध्या. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज आणि चिंधेबुवाही म्हणत. ज्या गावी जात तेथे दिवसा खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात मने. सातारा जिल्ह्याशी त्यांचा विशेष ऋणानुबंध. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. ज्या वस्तू गावाने टाकल्या, फुटके भांडे, चिंधी, खराटा, त्या त्यांनी अंगावर मिरवल्या. केर काढणे हे एका जातीचे काम नाही, हे त्यांनी न सांगता सांगितले. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, बाबासाहेबांनंतर अवघ्या चौदा दिवसांनी.

त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले ते २००० साली. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे. सरकारी अनुदान देऊन गाव स्वच्छ होत नाही, गावागावांत चुरस लावली तर होते, हा त्या अभियानाचा हिशेब होता आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. गावांनी श्रमदानाने रस्ते झाडले, गटारी बांधल्या, शोषखड्डे घेतले, हागणदारीविरुद्ध रान उठवले. बक्षीस मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याही वेळी होता. बाबांनी कोणाला बक्षीस दिले नव्हते आणि घेतलेही नव्हते. परंतु बक्षिसाशिवाय जे एकट्या माणसाला जमले ते चाळीस हजार खेड्यांच्या सरकारला कसे जमावे? आर. आर. आबांच्या या व्यवहारी शहाणपणाला आम्ही कमी लेखणार नाही.

शहरांचे कोडे निराळे होते. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून शहरी घनकचऱ्याचे नियम २००० साली आले, २०१६ साली ते बदलून अधिक कडक झाले. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावा, हा त्यांचा गाभा. आजीच्या घरात तो वेगळा करावा लागत नव्हता, कारण तो एकत्रच होत नव्हता! पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या कराड-विट्यात आणि सुमारे पंधरा हजारांच्या पाचगणीत घंटागाडीच्या दारात रोज सकाळी ही सवय नव्याने लावावी लागली. पाचगणीत पूर्वीच्या कचरा डेपोच्या जागी आता ‘स्वच्छ भारत पॉइंट’ आहे. पर्यटक तेथे उभे राहून दरीची छायाचित्रे काढतात. डेपोचे असे प्रेक्षणीय स्थळ होणे ही थोडी गोष्ट नव्हे.

मोठ्या शहरांचे डेपो मात्र अजून डेपोच आहेत, आणि त्यांची नावे पाहावीत. सांगलीचा समडोळी रस्त्यावर, मिरजेचा बेडग रस्त्यावर, साताऱ्याचा सोनगावला. कचरा शहराचा, नाव गावाचे. जुन्या गावगाड्यात घाण गावकुसाबाहेर जाई. आता कूस रुंदावून शहराची हद्द झाली आहे. २०१८ साली राज्याने प्लास्टिकबंदी केली. तिच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या परत घेण्याचीही तरतूद होती. पिशवी धुऊन, दोरीवर वाळवून, गठ्ठा करून रद्दीवाल्याला देणाऱ्या गृहिणी त्याआधीपासून ते करीत होत्या आणि नंतरही करीत राहिल्या. क्रमवारी लावणारे कचरा किती उचलला आणि किती वेगळा केला ते मोजतात. मुळात किती कमी झाला ते मोजणे त्यांना अजून तितकेसे जमलेले नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेले आणि अर्धे शहर पाण्याखाली बुडाले. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली घरांसमोर ढीग लागले. आदल्या आठवड्यापर्यंत ज्याला संसार म्हणत होते त्याचे ते ढीग: फुगलेली प्लायवुडची कपाटे, धान्य, वह्या, फ्रीज आणि गाद्या. बाहेरगावच्या नगरपालिकांची माणसे आणि वाहने मदतीला आली, तरी ढीग उपसता उपसत नव्हते. फोमची गादी एकदा पुराचे पाणी प्याली की ती पिळता येत नाही, वाळतही नाही. ती चौघांनी उचलून गाडीत टाकावी लागते. जुन्या बायकांनी अशा वेळी वाकळा घाटावर नेऊन आपटल्या असत्या आणि दोन-चार दिवसांच्या उन्हात त्या पुन्हा अंथरल्या असत्या. त्या पुरातही ज्या घरांत वाकळा होत्या त्या धुऊन गच्चीच्या कठड्यावर पडल्या. गाद्या गाडीत गेल्या.